आजींची पेटी, मुलाचा घोगरा आवाज आणि बार मित्स्वाची गाणी

ठाण्याच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. कुटुंब बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी. येत्या हिवाळ्यात त्यांच्या मुलाला तेरा वर्षं पूर्ण होतील आणि एका शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या शनिवारी, सकाळी सिनेगॉगमध्ये (प्रार्थनामंदिरात) त्याचा बार मित्स्वा, म्हणजे धर्मकर्तव्यं अंगावर घेण्याचा सोहळा, होईल. तारीख ठरली, पाहुणे ठरले, जेवण ठरलं. अडलंय ते गाण्यांपाशी. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई रेवदंड्याकडच्या. त्यांना जुनी मराठी कीर्तनाची पदं पाठ आहेत आणि नातवाच्या बार मित्स्वाला पेटीवर एक पद म्हणायची त्यांची फार इच्छा आहे. इस्रायलमधल्या अश्दोदहून येणाऱ्या दिरांनी इस्रायली गाण्यांची लांबलचक यादी पाठवली आहे, सोबत सूचना: "मराठी पदं नकोत, तिकडून आलेले लोक हसतील." सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्या हजानसाहेबांनी सांगितलंय की शब्बाथला पेटी चालणार नाही. यजमानांचं म्हणणं, एखादा चांगला गाणारा बोलावू आणि सगळं त्याच्यावर सोपवू. आणि ज्याच्यासाठी हे सगळं, त्या मुलाचा आवाज दोन महिन्यांपूर्वी फुटला. तो म्हणतो, "मी गाणारच नाही." शेवटी त्या विचारतात, "कोणती गाणी निवडू आणि कुणाचं मन राखू?" पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात आणखी एक ओळ आहे: "धाकटी मुलगी दहा वर्षांची आहे. ती विचारते, माझ्या वेळी मला गाता येईल का?"

प्रिय मैत्रीण,

तुमचं पत्र वाचताना मला आमच्या अलिबागच्या इस्रायल आळीतली एक सकाळ आठवली. माझ्या थोरल्या भावाचा बार मित्स्वा होता. घरात तालमी झाल्या होत्या, पाठ झालं होतं. तेब्यावर, म्हणजे वाचनाच्या चौथऱ्यावर, उभा राहिला, आशीर्वाद म्हटला आणि दुसऱ्या का तिसऱ्या वाक्याला त्याचा आवाज एकदम खाली कोसळला. बायकांच्या बाजूला आम्ही सगळ्या श्वास धरून बसलो होतो. हजानांनी काही केलं नाही. फक्त त्याच्या शेजारी थोडे सरकले आणि तेच वाक्य खालच्या पट्टीत हलकेच गुणगुणले. भावानं तिथून उचललं आणि शेवटपर्यंत गेला. पुढे कितीतरी वर्षं घरात त्या दिवसाच्या जेवणाबद्दल कुणी काही बोललं नाही, कोण कोण आलं होतं तेही विसरलं. ती गुणगुण मात्र आईला शेवटपर्यंत आठवत होती.

म्हणून तुमच्या प्रश्नातल्या एका शब्दापाशी मी आधी थांबते. "निवडू." तुम्ही असं धरून चालला आहात की बार मित्स्वाचं संगीत म्हणजे रिकामा कार्यक्रम आहे आणि तो तुम्हाला गाण्यांनी भरायचा आहे. तसं नाही. त्या सकाळचं मुख्य संगीत आधीच ठरलेलं आहे. तो मुलगा सेफेर तोरासमोर, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांच्या गुंडाळीसमोर, उभा राहून जे वाचेल, तेच ते संगीत.

हे थोडं उलगडून सांगते, कारण वाचकांपैकी पुष्कळांना ते माहीत नसेल. तोराचं वाचन साध्या बोलण्याच्या सुरात होत नाही, ते चालीवर होतं. छापील पुस्तकात अक्षरांच्या वर-खाली बारीक खुणा असतात. त्यांना तआमीम म्हणतात. कुठला शब्द कुठल्या शब्दाला जोडायचा, कुठे थांबायचं, कुठे सूर वर न्यायचा, हे त्या सांगतात. पण चर्मपत्राच्या गुंडाळीत या खुणा नसतात, स्वरचिन्हंही नसतात. नुसती व्यंजनं. म्हणजे मुलाला उच्चार आणि चाल दोन्ही डोक्यात घेऊन उभं राहायचं असतं. शिवाय खुणा जगभर त्याच असल्या तरी चाली वेगवेगळ्या आहेत. येमेनची वेगळी, बगदादची वेगळी, पोलंड-लिथुआनियाकडची आणखी वेगळी. आपल्या कोकणातल्या सिनेगॉगमधल्या पठणावर एकोणिसाव्या शतकात आधी कोचीनहून आलेल्या शिक्षकांचा आणि मग बगदादी ज्यूंचा हात फिरलेला आहे.

यातून एक अगदी व्यवहाराची गोष्ट निघते. तुमचा मुलगा जर मोबाइलवरच्या एखाद्या ॲपवरून किंवा व्हिडिओवरून शिकत असेल, तर तो बहुधा युरोपीय अश्केनाझी चाल शिकतोय. हजानसाहेब शिकवतील ती दुसरी. दोन्ही चाली डोक्यात घेऊन गेलेलं मूल ऐन वेळी अडखळतं आणि मग सगळ्यांना वाटतं त्याची तयारी कमी पडली. तेव्हा आजच हजानसाहेबांना विनंती करा की त्याच्या वाट्याची वाक्यं त्यांच्या आवाजात फोनवर ध्वनिमुद्रित करून द्या. शब्बाथ सोडून कुठल्याही दिवशी ते आनंदानं देतील. आणि एकदा नव्हे, दोनदा घ्या: एकदा त्यांच्या नेहमीच्या पट्टीत, एकदा दोन-तीन सूर खाली.

आता त्या आवाजाबद्दल. मी तीस वर्षं शाळेत गाणं शिकवलं. तेरा-चौदाव्या वर्षी मुलगे वर्गात मागच्या बाकावर सरकतात, "मॅडम, घसा बसलाय" म्हणतात. घसा बसलेला नसतो. स्वरयंत्र वाढत असतं आणि कालपर्यंतचा स्वतःचा आवाज आज त्यांना परका झालेला असतो. अशा वेळी "जरा जोर लाव, मोकळ्या आवाजात म्हण" असं म्हणणं हा सगळ्यात वाईट सल्ला. पेटीवर जशी सुराची जागा ठरलेली असते तशी तोरावाचनात नसते. तिथे पट्टी कुणी ठरवून दिलेली नाही, फक्त सुरांची आपसातली चढउतार ठरलेली आहे. पांढरी एकमध्ये वाचलं काय आणि त्याच्याही खाली वाचलं काय, मित्स्वा (धर्मकर्तव्य) तोच. म्हणून त्याला रोज सकाळी उठल्यावर नव्हे, संध्याकाळी आवाज मोकळा झाल्यावर दहाच मिनिटं वाचू द्या. वरचा सूर तुटला तर तुटू द्या. पट्टी त्या दिवशीच्या सकाळीच ठरवा, महिनाभर आधी नको.

आणि वाचन कितीचं, हेही हजानसाहेबांशी मोकळेपणानं बोला. अख्खा पराशा, म्हणजे त्या आठवड्याचा तोराचा पाठ, मुलानं वाचावा असा नियम नाही. पुष्कळ मुलं फक्त मफ्तीर वाचतात, म्हणजे त्या आठवड्याच्या पाठातली शेवटची काही वाक्यं, आणि त्यानंतर नवीमांमधली, म्हणजे संदेष्ट्यांच्या पुस्तकांतली, हाफ्तारा. हाफ्तारा लांब असेल तर वडील किंवा काका अर्धी वाचू शकतात का, विचारा. तीन वाक्यं शांतपणे आणि अर्थ समजून वाचणारा मुलगा, घाबरत तीस वाक्यं ओढणाऱ्या मुलापेक्षा मला शंभर पटींनी बरा वाटतो. "मी गाणारच नाही" असं तो म्हणतो तेव्हा मला त्यात हट्ट ऐकू येत नाही. त्याला वाटतंय की त्याच्याकडून मैफल मागितली जातेय. त्याला सांगा, मैफल नाही, वाचन आहे, आणि ते तुझ्याच आवाजात हवंय, आजचा जसा आहे तशा.

याच कारणानं, तुमच्या यजमानांची सूचना मला पटत नाही. त्यांचा हेतू चांगला आहे, पोराला लाज वाटू नये म्हणून ते म्हणताहेत. पण बाहेरचा तयार गळा शेजारी उभा केला की मुलाचा कच्चा आवाज अधिकच कच्चा ऐकू येतो. संध्याकाळच्या हॉलमध्ये गाणारा आणा, हरकत नाही. सकाळी तेब्यावर मात्र त्याच्या बाजूला त्याचे वडील उभे असू देत. त्यांना हिब्रू नीट येत नसेल तर त्यांनीही या दोन महिन्यांत आशीर्वाद पाठ करावेत, मुलाबरोबर बसून. असे कितीतरी बाप मी पाहिले आहेत ज्यांनी स्वतःच्या बार मित्स्वात जे घोकलं होतं ते मुलाच्या निमित्तानं पहिल्यांदा समजून घेतलं.

आता पेटीचा प्रश्न. हजानसाहेबांचं "नाही" ऐकून आजी दुखावल्या असतील. त्यांना त्या नकारामागचं सांगायला हवं, कारण त्यात त्यांच्या पदाचा अपमान नाही. जेरुसलेमच्या मंदिरात लेवी लोक वीणा, सारंगी, झांजा घेऊन गात असत. इसवी सन 70 मध्ये रोमनांनी ते दुसरं मंदिर पाडलं आणि त्या दुःखात प्रार्थनेतली वाद्यं थांबली. शब्बाथचं आणखी एक कारण तालमूदमध्ये, म्हणजे धर्मनियमांवरच्या जुन्या चर्चाग्रंथात, दिलं आहे. वाजवता वाजवता तार तुटली तर माणूस नकळत ती दुरुस्त करायला बसेल आणि दुरुस्ती हे शब्बाथला वर्ज्य काम. म्हणजे पेटी अपवित्र आहे असं कुणी म्हणत नाही. मला यातली एक गोष्ट फार हलवून जाते: रोज सकाळच्या प्रार्थनेत आपण दीडशेवं स्तोत्र म्हणतो, त्यात शिंग, वीणा, डफ, तंतुवाद्यं, बासरी, झांजा सगळ्यांची नावं घेऊन देवाची स्तुती करा असं सांगितलंय, आणि हे आपण म्हणतो नुसत्या आवाजात, वाद्याशिवाय. नावं राहिली, वाद्यं गेली.

सगळ्या ज्यूंनी हे मान्य केलं असंही नाही. हाम्बुर्गच्या मंडळीनं 1818 साली प्रार्थनेत ऑर्गन आणला आणि त्यावर युरोपभर धर्मपंडितांची मोठी वादावादी झाली. आजही सुधारणावादी सिनेगॉगमध्ये शब्बाथला वाद्यं वाजतात. पण तुमचं सिनेगॉग त्या मताचं नाही आणि एका सकाळीसाठी तिथला नियम वाकवायला लावू नये. त्या माणसांना पुढची पन्नास वर्षं एकमेकांबरोबर प्रार्थना करायची आहे.

मग आजींचं पद कुठे? इथेच मला वाटतं तुमच्या घरातल्या सगळ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे, की बार मित्स्वा म्हणजे एकच खोली. तशा तीन खोल्या आहेत. सिनेगॉग, मलिदा (एलियाहू हनाबी, म्हणजे एलिया संदेष्टा, याच्या नावानं घरी होणारा विधी) आणि जेवणाचा हॉल. प्रत्येकीचं गाणं निराळं. भांडण होतंय ते एका खोलीतलं गाणं दुसरीत कोंबल्यामुळे.

तुमचा कार्यक्रम शब्बाथचा आहे म्हणता. मग त्याच संध्याकाळी, आकाशात तीन तारे दिसल्यावर, घरी हवदाला, म्हणजे शब्बाथला निरोप द्यायचा विधी, करा आणि लगेच मलिदा मांडा. शब्बाथ सरण्याची वेळ ही एलियाहू हनाबीची वेळ. जगभरचे ज्यू शनिवारी रात्री त्याचं नाव घेऊन गातात. आपल्या बेने इस्रायलींमध्ये तर एलियाहू म्हणजे घरचाच. अलिबागजवळच्या खंडाळ्याला तो येऊन गेला अशी आपली श्रद्धा आहे आणि तिथल्या खडकावरच्या खुणेला लोक अजून नवस फेडायला जातात. मलिद्याच्या ताटात भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, बाजूला पाच फळं. "एलियाहू हनाबी" म्हणायचं, "व्हेयित्तेन लेखा"चे आशीर्वाद म्हणायचे. आणि आता शब्बाथ संपलेला आहे. पेटी काढा, तबला काढा, झांजा काढा. या जागी आजींचं पद पाहुणं राहत नाही, यजमान होतं. हिवाळ्यात ठाण्यात अंधार लवकर पडतो, सातच्या आत सगळे बसू शकतात.

एक काळजी मात्र घ्या. अश्दोदला राहिलेल्या नातेवाइकांना तुम्ही हे फोनवर थेट दाखवायचं ठरवाल. हिवाळ्यात इस्रायलचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असतं. तुमचा शब्बाथ संपलेला असेल, तिथे दुपारचे साडेतीन वाजले असतील आणि त्यांचा शब्बाथ चालू असेल. धार्मिक घरातली माणसं फोन उचलणार नाहीत आणि तुम्हाला उगाच वाईट वाटेल. ध्वनिमुद्रण करा आणि रविवारी पाठवा.

तारीख अजून हलवता येण्यासारखी असेल तर, आणि ज्या वाचकांची तारीख ठरायची आहे त्यांच्यासाठीही, गुरुवारचा विचार सुचवते. सोमवारी आणि गुरुवारी सकाळीही तोरा वाचली जाते. पाठ अगदी छोटा असतो, तीन जणांत वाटलेला, नवशिक्या मुलाला झेपणारा. तेफिलीन, म्हणजे प्रार्थनेच्या वेळी दंडावर आणि कपाळावर बांधायच्या चामडी पेट्या, शब्बाथला बांधत नाहीत, त्यामुळे मुलानं पहिल्यांदा तेफिलीन बांधून तोरासमोर जाण्याची गोष्ट आठवड्यातल्या दिवशीच होऊ शकते. लांबून येणाऱ्यांना गाडीनं येता येतं, फोटो काढता येतात, माइक लावता येतो. अडचण एकच, मिन्यानसाठी, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणाऱ्या संख्येसाठी, दहा पुरुष कामाच्या दिवशी सकाळी जमवावे लागतात, आणि लहान गावात ती अडचण मोठी आहे. तारीख काढताना पेसाह ते शाबुओथ या सणांमधले ओमेरचे दिवस आणि तिशा बाब या मंदिराच्या नाशाच्या शोकदिवसाआधीचे तीन आठवडे बघून घ्या. त्या काळात गाणं-बजावणं बहुतेक घरं टाळतात. तुमचा हिवाळा या दोन्हींपासून लांब आहे.

आता तुमच्या दिरांकडे वळते. त्यांच्यावर रागावू नका. "लोक हसतील" हे वाक्य कुठून येतं ते मला ठाऊक आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला इस्रायलमध्ये तिथल्या धर्मपीठानं बेने इस्रायलींच्या ज्यूपणावरच शंका घेतली होती. लग्न लावायला गेलं की आईच्या आईपर्यंतची चौकशी होई. आपल्या माणसांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं आणि 1964 साली ती अट मागे घ्यायला लावली. जे त्या काळातून गेले त्यांनी, आणि त्यांच्या मुलांनी, घराबाहेर मराठी आवाज थोडा लहान केला. कुणी शंका घेऊ नये म्हणून. दिरांच्या सूचनेत ती जुनी धास्ती आहे असं मला वाटतं. मराठी पद म्हणजे कमी ज्यू, असं त्यांना कुणीतरी कधीतरी वाटायला लावलं आहे.

त्यांना हे सांगा. मुंबईत 1880 च्या सुमारास आपल्या मंडळींनी कीर्तन उचललं. गावोगाव हरिदासांची कीर्तनं ऐकून त्यांना वाटलं, योसेफाची गोष्ट, मोशेची गोष्ट, दाविदाची गोष्ट आपल्या बायकामुलांना हिब्रूतून कळत नाही, ती अशी का सांगू नये? मग साकी, दिंडी, आर्या, ओवी सगळे छंद घेऊन त्यांनी पदं रचली आणि छापलीही. त्याच्याही आधी, 1846 साली, पेसाहची हागादा, म्हणजे सणाच्या रात्री वाचायचं पुस्तक, मुंबईत मराठी भाषांतरासह छापली गेली होती. धर्म सोडणाऱ्या लोकांची ही कामं नव्हेत. आणि परकी चाल घेऊन देवाचं गाणं रचणं हे काही कोकणातच झालं नाही. सोळाव्या शतकात इस्रायल नाजारा नावाचा कवी होऊन गेला. त्यानं तुर्की, अरबी, स्पॅनिश गाण्यांच्या चालींवर हिब्रू पियूत (भक्तिगीतं) रचले, आणि त्याचं "याह रिब्बोन" आज जगभर शब्बाथच्या ताटावर गायलं जातं. तुमच्या दिरांच्या यादीतही ते असेल. "हावा नागिला" तर नक्की असेल. त्याची चाल पूर्व युरोपातल्या हसिदी या भक्तिपंथी ज्यूंची, शब्द बसवले विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जेरुसलेममध्ये. म्हणजे तेही जोडकामच. जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ध्वनिसंग्रहात आज बेने इस्रायली गायनाच्या नोंदी जपून ठेवलेल्या आहेत. तिथले अभ्यासक जे ऐकायला कान टवकारतात, ते तुमच्या घरात आजी स्वयंपाक करता करता म्हणतात.

दिरांची यादी फेकून मात्र देऊ नका. तिसरी खोली, जेवणाचा हॉल, त्यांच्या हाती द्या. अश्दोदच्या भावंडांना नाचायचं असेल, तुमच्या मुलाच्या मित्रांना त्यांची हिंदी गाणी हवी असतील, दोन्ही तिथे चालेल. मुलाला मुलगा म्हणून मिरवायला ती खोली हवीच. फक्त आवाज इतका ठेवा की आजी-आजोबांना शेजारच्याशी बोलता येईल.

आता तुम्हाला एक गंमतीची आणि माझ्या जिवाला लागलेली गोष्ट सांगते. सकाळच्या प्रार्थनेच्या शेवटी सगळी मंडळी मिळून "अदोन ओलाम" म्हणतात. या एका गीताला चालींचं बंधन असं नाहीच. जगात त्याच्या इतक्या चाली आहेत की कुणी मोजल्या नसतील. का, तर त्याचं माप अगदी काटेकोर आहे. अ-दोन-ओ-लाम, अ-शेर-मा-लाख, बे-ते-रेम-कोल, ये-त्सीर-निव्-रा. एक ऱ्हस्व, तीन दीर्घ. पुन्हा एक ऱ्हस्व, तीन दीर्घ. (इथले "बे" आणि "ये" मराठीत दीर्घ दिसतात, पण हिब्रूत ते झटकन उच्चारायचे.) लगागागा चार वेळा. ज्यांनी शाळेत वृत्तं शिकली आहेत त्यांच्या लक्षात आलं असेल, हे आपलं वियद्गंगा वृत्त! अंदालूसच्या, म्हणजे मुस्लिम अमलातल्या स्पेनच्या, ज्यू कवींनी हे माप अरबीतून घेतलं, आपल्या मराठी गझलकारांनी फारसी-उर्दूतून घेतलं, आणि दोघं ठाण्याच्या एका घरात समोरासमोर आले.

वर्गात वृत्तं शिकवताना कितीतरी वर्षं मी हे फळ्यावर लिहीत होते आणि शब्बाथला "अदोन ओलाम" म्हणत होते, आणि दोन्ही एकच आहेत हे मला पन्नाशीनंतर कळलं. त्या दिवशी मी एकटीच घरात टाळ्या देत म्हणत बसले होते.

तेव्हा हे करून बघा. आजींना त्यांची पाठ असलेली पदं एकेक म्हणायला लावा आणि बोटांवर मोजा. एखादं वियद्गंगेत सापडलं तर त्याची चाल उचलून "अदोन ओलाम" त्यावर बसवा. शब्द हिब्रू, चाल आजींची, वाद्य काही नाही. हजानसाहेबांना आधी म्हणून दाखवा. शब्द तुटत नसतील, एकच ओळ उगाच पुन्हा पुन्हा येत नसेल आणि चाल उथळ नसेल, तर त्यांना नाही म्हणायचं कारण राहणार नाही. असं झालं तर रेवदंड्याची चाल सिनेगॉगच्या आत जाईल, शब्बाथच्या सकाळी, सगळ्या मंडळीच्या तोंडून, आणि दिरांचे पाहुणेही ती म्हणतील, कारण शब्द त्यांना पाठ आहेत. मुलाला एकट्यानं गायचं नाही, सगळ्यांबरोबर म्हणायचं आहे, त्याचा घोगरा आवाज त्यात खालचा सूर धरील. वियद्गंगेतलं एकही पद नाही सापडलं तर सोळा अक्षरांत बसणारी दुसरी चाल ओढूनताणून लावू नका. कान लगेच ओळखतो. मग मलिद्याची खोली आहेच.

पाहुण्यांपैकी पुष्कळांना हिब्रू वाचता येणार नाही, ठाण्यातले तुमचे शेजारी तर हिब्रू पहिल्यांदाच ऐकतील. "अदोन ओलाम", "एलियाहू हनाबी" आणि आजींचं पद, एवढंच एका कागदावर देवनागरीत छापा, खाली दोन ओळी अर्थ. आपल्या जुन्या प्रार्थनापुस्तकांतही हिब्रू देवनागरीत लिहिण्याची रीत आहे, नवीन काही करावं लागत नाही. फक्त त्यात देवाचं नाव असल्यामुळे कागद नंतर कचऱ्यात जाऊ नये, गोळा करून सिनेगॉगमध्ये द्यावा, हे एका ओळीत लिहा.

हे वाचणाऱ्या इतरांनाही एक विचारते. तुमच्याकडे मुंज असेल, बटूच्या कानात वडील गायत्री सांगताहेत आणि त्याच क्षणी बाहेर बँडनं सिनेमाचं गाणं सुरू केलं, हे तुम्ही पाहिलेलं आहे. बँड वाईट नाही, वेळ चुकली. हॉल ठरवताना बँडवाल्याला कुठल्या पंधरा मिनिटांत थांबायचं ते आधीच लिहून द्या. न्यू जर्सीत असा नाहीतर डोंबिवलीत, एवढं कुणालाही जमतं.

आणि आता ती बारीक अक्षरातली ओळ, जी खरं तर मी सगळ्यात आधी वाचली. मुलीला बारा पूर्ण झाली की ती बात मित्स्वा होते, कुणी सोहळा करो न करो. बाकीचं सिनेगॉगवर अवलंबून आहे. न्यू यॉर्कमध्ये 1922 साली ज्युडिथ कॅप्लन या मुलीनं सिनेगॉगमध्ये उभं राहून वाचलं, तिथून अमेरिकेत ही रीत सुरू झाली. मुंबईत 1925 साली डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकारानं ज्युईश रिलिजस युनियन स्थापन झाली, तीही सुधारणावादी वाटेनं. तुमच्या सिनेगॉगमध्ये बहुधा मुली तोरा वाचत नाहीत आणि काही पुरुष बाईचा गाण्याचा आवाज ऐकणं टाळतात. मी याबाबत तटस्थ नाही. बायकांच्या बाजूला बसून मला भावाचा सगळा पाठ त्याच्याआधी पाठ झाला होता आणि तो कधी कुणी विचारला नाही. पण तुमच्या मुलीच्या वतीनं मी भांडण सुरू करून देणार नाही. दोन वर्षं आहेत, हजानसाहेबांशी शांतपणे बोला, तिच्या दिवशी ती काय म्हणू शकेल ते विचारा. आणि दोन वर्षं थांबायची गरज नाही अशी जागा तुमच्याकडे आहे: मलिदा घरात आहे. त्या संध्याकाळी आजींच्या पेटीशेजारी तिला बसवा. पदाचं ध्रुवपद तिनं धरावं.

आजींचं पद आत्ताच मुद्रित करून ठेवा, बार मित्स्वाची वाट न बघता. सगळं, जितकी पदं आठवतील तितकी, मधे मधे थांबून त्या "हे माझ्या आत्यानं शिकवलं" असं सांगतील तेही. दुपारी पंखा बंद करून, फोन उशीवर ठेवून. मुलाला ते काम द्या. त्याला गायचं नाहीये ना? मग ऐकायला बसू दे. आपल्याकडे लग्नात नवरदेवानं नवरीला उद्देशून "योनाती झीव" हे हिब्रू गीत म्हणायचं असतं, सगळ्यांसमोर, एकट्यानं. तोवर त्याचा आवाज ठरलेला असेल. आजींना विचारायला सांगा की आजोबांनी ते कसं म्हटलं होतं, आणि त्यांची पट्टी कोणती होती.